'कामगार'मधला 'गार' कुणाचा?

(शिवडी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषय व्याकरणाचा आहे, पण घाबरू नका. एखादं काम करणारा माणूस दाखवायला भाषा शब्दाला मागून जो तुकडा जोडते, त्याला कर्तृवाचक प्रत्यय म्हणतात. टाळ धरतो तो टाळकरी, भाजी विकतो तो भाजीवाला, लिहितो तो लेखक. आणि आपण बसलोय त्या गिरणगावातला सगळ्यांत वजनदार शब्द म्हणजे कामगार.

आपल्याकडे शब्दांनाही कूळ विचारायची खोड आहे. 'कामगार'मधला 'गार' फारसी, खिदमतगार आणि गुन्हेगार यांच्या पंगतीतला. म्हणून 'श्रमिक' म्हणा, ते शुद्ध, असं सांगणारे भेटतात. माझा आजचा आक्षेप या शुद्धतेवर आहे.

कारण बघा, फारसीतला 'गार' आणि संस्कृतातला 'कार' हे एकाच जुन्या धातूकडे जातात. तोच आपला 'कृ', करणे. म्हणजे हा प्रत्यय मराठीत निदान तीन वाटांनी आलाय. प्राकृतातून झिजत आला: कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. पोथीतून कोरा करकरीत आला: चित्रकार, पत्रकार, नाटककार. आणि फारसीतून फिरून आला: कामगार. 'करी' हाही त्याच घरातला. १९४७ साली स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाचं नाव घ्या. त्यात एक 'करी' आहे, एक 'गार' आहे, आणि दोघांचा पणजोबा एकच!

आता जरा लांब जाऊ, रोमला. लॅटिनमध्ये असे दोन मोठे प्रत्यय होते. पहिला 'तोर', तो क्रियापदाला लागायचा. हा आपल्या 'तृ'चा सख्खा भाऊ. आपला दाता, त्यांचा 'दातोर'. आपली जनित्री, त्यांची 'गेनेत्रिक्स'. आपण बसमध्ये ज्याला कंडक्टर म्हणतो, त्याचा मूळ अर्थ नेणारा. 'नेता'चा अर्थही तोच आणि प्रत्ययही तोच. फक्त एकाला हार घालतात आणि दुसऱ्याकडे सुट्टे मागतात.

दुसरा प्रत्यय 'आरिउस'. हा नामाला लागायचा आणि धंदा सांगायचा. लोखंडाला लागून 'फेर्रारिउस' झाला, म्हणजे लोहार. आजचं इटालियन आडनाव फेरारी त्यातूनच आलं. 'ओपेरा' म्हणजे काम, त्याला लागून 'ओपेरारिउस' झाला. त्याचंच फ्रेंचमध्ये 'उव्रिए' आणि स्पॅनिशमध्ये 'ओब्रेरो' झालं. काम अधिक प्रत्यय: रचनेनं हा आपला कामगारच. पोर्तुगीजमध्ये 'आरिउस'चा 'एइरु' झाला आणि गलबतातून गोव्यात उतरला. पाव करणारा 'पादेइरु' कोकणीत पोदेर झाला, आणि 'रेंदेइरु', म्हणजे खंडानं घेणारा, माडाची सूर काढणारा रेंदेर झाला. आपल्या गिरण्यांतला जॉबर इंग्रजीतला. पण त्यातला 'अर'सुद्धा या 'आरिउस'चाच वंशज, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मग शुद्ध कोण आणि बाटगा कोण? कूळ काढायला बसलो तर सगळे एकमेकांचे नातलग निघतात. प्रतिष्ठा व्याकरण देत नाही, ती माणसं देतात. 'कार' कोरा राहिला तर कलावंत, झिजला तर बलुतेदार. कातड्याचं काम करणाऱ्या समाजानं स्वतःसाठी 'चर्मकार' हे रूप का आग्रहानं धरलं? त्याच शब्दाचं झिजलेलं रूप पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखं तोंडावर फेकलं गेलं म्हणून. व्याकरणात दोन्ही शब्द एकच, गावात मात्र नव्हेत.

समीक्षेतही हेच चालतं. नारायण सुर्वे यांना आपण कौतुकानं 'कामगार कवी' म्हणतो. प्राध्यापकी करणाऱ्या कवीला कधी 'प्राध्यापक कवी' म्हटलंय? एकाचा धंदा कवितेच्या आधी येतो, दुसऱ्याचा येतच नाही. हे कौतुक माणसाला एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावतं.

बायकांचं तर आणखी वेगळं. कुंभारीण, सोनारीण म्हणजे बहुधा त्याची बायको. ती स्वतः चाक फिरवते का, हे शब्द विचारत नाही. फ्रेंचमध्येही 'आंबासाद्रिस' म्हणजे बराच काळ राजदूताची पत्नीच. याला आपल्याकडे एक अपवाद आहे, मोलकरीण. तिथे 'मोलकरी' पुरुष जवळजवळ नाहीसा झाला आणि बाई उरली. का, ते सांगायला नको. गिरणगावात शेकडो पुरुषांना जेवू घालणारी बाई होती, ती खाणावळवाली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 'वाली'ची अन्नपूर्णा झाली, ही मोठीच गोष्ट. पण बघा, मान द्यायचा तर आपल्याला देवीचं नाव लागतं. पंगतींमागून पंगती उठवणाऱ्या बाईला कामगार म्हणायला आपली जीभ वळत नाही.

म्हणून मला एका रूक्ष कायद्याचं नाव फार महत्त्वाचं वाटतं: महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. कायद्यानं सगळं दिलं असं नाही. पण घराघरात जी 'कामवाली' होती, तिला कागदावर 'कामगार' म्हटलं गेलं. वालीला बक्षिशी मिळते, जुनी साडी मिळते. कामगाराला हक्क मागता येतो. त्या एका फारसी 'गार'मध्ये गिरणगावातल्या संपांची, मोर्चांची, बोनससाठीच्या भांडणांची शंभर वर्षं साठलेली आहेत. 'श्रमिक' कितीही शुद्ध असो, ती कमाई त्या शब्दाकडे नाही.

तेव्हा पुढच्या वेळी प्रत्ययाचं कूळ विचारण्याआधी एवढंच विचारा: आपण तो कुणाला लावतो आणि कुणाला लावायचं टाळतो?