अनुस्वाराचा लोप आणि गुणांक : प्रवाही चित्रप्रसारणाच्या गुणमापनाची चिकित्सा

संगणक-जाळ्यांतून वाहणाऱ्या चलच्चित्रांची गुणवत्ता मोजण्याच्या शास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत मोठी मजल मारली आहे, हे कोणीही मान्य करील. 1974 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दूरचित्रवाणीच्या चित्राची प्रत प्रेक्षकांकरवी ठरविण्याची शिफारस प्रथम सिद्ध केली. 2004 साली वांग, बोविक, शेख व सिमोन्सेली यांनी 'रचनासादृश्या'चा निर्देशांक मांडला. आणि 2016 साली नेटफ्लिक्सने 'व्हीमॅफ' हे साधन सर्वांस खुले केले. तथापि कोणतेही माप कशासाठी निर्माण झाले याचा विसर पडला म्हणजे ते माप सत्याच्या जागी बसू लागते. मनोरंजनासाठी घडविलेली ही मापे अध्यापनाच्या चित्रांना जशीच्या तशी लावणे कितपत युक्त आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. 2020 च्या मार्चपासून वर्ग बंद झाले आणि मराठवाड्यासारख्या प्रदेशात फळा प्रथमच मोबाइलच्या पडद्यावर आला. 24 मार्च 2020 रोजी देशातील प्रमुख चित्रप्रवाह कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइल जाळ्यांवरील चित्र 14 एप्रिलपर्यंत 480 ओळींपेक्षा अधिक सूक्ष्म ठेवावयाचे नाही असे ठरविले. जाळ्यावरील भार पाहता तो निर्णय समंजसपणाचा होता यात शंका नाही. चित्रपट पाहणाऱ्याचे त्याने फारसे बिघडले नाही. परंतु फळ्यावरील अक्षर वाचणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. आणि विचारला असता तरी प्रचलित मापांपैकी एकानेही त्याचे उत्तर दिले नसते.

उदाहरण म्हणून कंधारचेच घ्यावे. मन्याड नदीच्या परिसरातील या तालुक्याच्या गावी राष्ट्रकूटकालीन भुईकोट किल्ला आहे आणि जवळच 'जगत्तुंग सागर' नावाने ओळखला जाणारा जलाशय आहे. इतिहासाच्या अध्यापकाने आठ फूट रुंदीच्या फळ्यावर 'कंधार' आणि 'जगत्तुंग' हे दोन शब्द लिहिले व संपूर्ण फळा कॅमेऱ्याच्या चौकटीत घेतला, अशी कल्पना करावी. 480 ओळींच्या चित्रात आडव्या दिशेने 854 पिक्सेल असतात. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्यास फळ्याचा सुमारे 2.9 मिलिमीटर भाग येतो. खडूने दिलेला एक सेंटिमीटर व्यासाचा अनुस्वार या चित्रात जेमतेम नऊ पिक्सेल व्यापतो. जाळे मंदावून चित्र 240 ओळींवर घसरले की एका पिक्सेलमागे 5.7 मिलिमीटर येतात आणि तोच अनुस्वार दोन पिक्सेलची रुंदीही भरेनासा होतो. मग 'कंधार' हा शब्द 'कधार' होतो व 'जगत्तुंग' हा 'जगत्तुग'.

आता हा लोप मापांना किती जाणवतो ते पाहावे. 480 ओळींच्या चौकटीत एकूण 4,09,920 पिक्सेल असतात. त्यांपैकी अनुस्वाराचे नऊ पिक्सेल पार्श्वभूमीत विरघळले आणि प्रत्येकाच्या उजळपणात 255 पैकी 100 अंशांचा फरक पडला, असे धरले तर वर्गित त्रुटीची सरासरी 0.22 इतकीच येते व संकेत-गोंगाट-गुणोत्तर सुमारे 54.7 डेसिबेल निघते. 40 डेसिबेलच्या पुढील चित्र उत्तम समजण्याचा प्रघात आहे. फळ्यावरील दहा अनुस्वार नाहीसे झाले तरी हा आकडा 44.7 वर येऊन थांबतो. म्हणजे चित्र अद्याप 'उत्तम'च. रचनासादृश्याच्या निर्देशांकाची स्थिती याहून निराळी नाही. त्याची अकरा बाय अकरा पिक्सेलची खिडकी चित्रावरून फिरते तेव्हा त्या अनुस्वारास स्पर्श करणाऱ्या खिडक्यांची संख्या फार तर 169 भरते. त्या सर्वांना शून्य गुण दिले तरी सरासरी 0.0004 नेच खाली येईल. सरासरी ही विस्तीर्ण पार्श्वभूमीची बाजू घेते. अर्थ मात्र नेमका त्या नऊ पिक्सेलांत असतो.

अनुस्वाराचे हे मूल्य मराठीत क्षुल्लक नव्हे. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार निघून गेले. जे उरले ते उच्चारासाठी वा अर्थासाठी उरले. 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांतील भेद केवळ एका बिंदूवर उभा आहे. 'घरात' व 'घरांत' यांतील वचनभेदही तसाच. गणितात दशांशचिन्ह नाहीसे झाले की राशी दसपट होते, आणि गतिशास्त्रात अक्षरावरील बिंदू गेला की वेगाच्या जागी स्थान वाचले जाते. अशा ठिकाणी चित्र 'किंचित अस्पष्ट' झाले असे म्हणता येत नाही. ते असत्य झाले असेच म्हणावे लागते.

बिंदूच प्रथम का नाहीसा होतो, याचे कारण संपीडनाच्या प्रक्रियेत आहे. चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येकाचे वारंवारतांत रूपांतर केले जाते व नंतर सहगुणकांना ठराविक पायऱ्यांत बसविले जाते. लहान बिंदूची ऊर्जा अनेक उच्च वारंवारतांत थोडी थोडी विखुरते. बिटदर अपुरा पडला की पायरी मोठी होते आणि हे लहान सहगुणक शून्यात जमा होतात. रंगीत खडूची अवस्था अधिक कठीण असते. कारण प्रचलित पद्धतीत रंगाची माहिती उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांनी निम्म्या सूक्ष्मतेनेच साठविली जाते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. संपीडक स्वतः पुष्कळदा वर्गित त्रुटीलाच प्रमाण मानून बिटांची वाटणी करतो. म्हणजे ज्या मापास बिंदू दिसत नाही त्याच्याच सल्ल्याने तो पुसला जातो आणि पुढे तेच माप निर्दोषतेचा दाखला देते. परीक्षक व परीक्षार्थी यांनी एकच चष्मा घातला असता चूक सापडावी कशी?

व्हीमॅफच्या बाजूने असे म्हटले जाईल की ते मानवी अभिप्रायांवर शिकविलेले आहे. हे खरेच आहे व म्हणूनच त्याचा अधिकार मोठा आहे. परंतु त्याच्या मूळ प्रतिमानात दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक गृहीत आहे. मोबाइलसाठी वेगळे प्रतिमान आहे ते त्याच चित्रास अधिक गुण देते, कारण लहान पडद्यावर दोष कमी दिसतात. चित्रपटाच्या बाबतीत हा युक्तिवाद बिनतोड आहे. धड्याच्या बाबतीत तो उलटतो. लहान पडद्यावर दोष दिसत नाहीत हे जितके खरे, तितकेच तेथे अक्षरही दिसत नाही हे खरे. विद्यार्थ्याची जी अडचण तीच येथे गुणवाढीचे कारण ठरते.

कालिक गुणवत्तेचा विचारही याच कसोटीवर तपासावा लागेल. कृष्णन व सीतारामन यांनी 2012 साली दाखविले की चित्र सुरू होण्यास दोन सेकंदांहून अधिक विलंब झाला की प्रेक्षक निघून जाऊ लागतात, आणि पुढील प्रत्येक सेकंदास हे प्रमाण 5.8 टक्क्यांनी वाढते. या निष्कर्षास अनुसरून अनुकूलनशील वाहकांची रचना झाली : काही सेकंदांचे तुकडे, प्रत्येकाच्या अनेक प्रती, आणि जाळे मंदावताच खालच्या प्रतीची निवड. खंड पडू नये हे त्यांचे ब्रीद होय. परंतु निघून जाण्याचे स्वातंत्र्य प्रेक्षकास असते. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यास ते नसते. तो थांबतो, धडा मागे नेतो, पुन्हा पाहतो. त्याचा थांबण्याचा काळ समाधानाची खूण म्हणून नोंदला जाण्याचा धोका उघड आहे.

जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका प्रसारित झाली. प्रक्षेपणात एकच चित्र सर्वांकडे पाठविले जाते, म्हणून निर्माता त्याची एकदाच कसून पारख करू शकतो. प्रवाही प्रसारणात प्रत्येकाच्या हाती त्याच्या जाळ्याच्या ऐपतीप्रमाणे निराळे चित्र येते. पुण्यातील विद्यार्थ्यास 1080 ओळींचा फळा मिळतो तेव्हा कंधारच्या विद्यार्थ्यास 240 ओळींचा मिळू शकतो. आणि दोघेही एकच व्याख्यान ऐकले अशी नोंद होते. सरासरी गुणांक ही विषमता दाखवीत नाही, झाकतो.

यावर उपाय नाही असे नाही. ओळख पटविण्याच्या कामासाठी चित्रांची पारख कशी करावी, याची शिफारस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2008 सालीच केली आहे व तीत अक्षरे-अंक ओळखण्याचाही समावेश आहे. हीच दृष्टी अध्यापनास लावावी : चित्र कसे वाटले हे न विचारता फळ्यावर काय लिहिले आहे ते प्रेक्षकाकडून लिहवून घ्यावे, आणि अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ व दशांशचिन्ह यांच्या चुका वेगळ्या मोजाव्यात. हे काम कोणत्याही विद्यापीठ विभागास अल्प खर्चात करता येण्याजोगे आहे. सुधारणेची दिशाही त्यातून स्पष्ट होते. फळा क्षणोक्षणी बदलत नाही. तेव्हा बिटदर कमी असता चौकटींची संख्या सेकंदास पंचवीसवरून पाचावर आणावी, परंतु ओळी कमी करू नयेत. आवाज अखंड ठेवावा, फळ्याचे स्थिरचित्र स्वतंत्र पाठवावे, आणि अध्यापकाने अक्षर मोठे व खडू पांढरा वापरावा.

अध्यापकाची हालचाल यामुळे तुटक दिसेल व रूढ मापांवर असे चित्र कमी गुण मिळवील, हा आक्षेप रास्त आहे. प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिक किंवा नृत्य यांस हा उपाय लागू पडणार नाही हेही मान्य करावयास हवे. पण त्यातूनच मूळ सिद्धान्त दृढ होतो : गुणवत्ता ही चित्राच्या अंगची एकाकी वस्तू नसून चित्र व त्याचे प्रयोजन यांतील नाते आहे. ज्या मापाने 'कधार' या अक्षरांस 54.7 डेसिबेलचे प्रशस्तिपत्र दिले, त्याचे गणित चुकलेले नाही. वाचणारा त्या गणितात कधी धरलाच नव्हता, एवढेच.