मैदानावरची जपमाळ

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यातल्या एका शनिवारी सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील कॅथलिक कुटुंबे सामुदायिक जपमाळेसाठी सांगलीला एकत्र आली होती. मीही माझ्या धर्मग्रामातील माणसांना घेऊन ठरवलेल्या एस.टी.ने गेलो होतो. अशा सोहळ्यांचे आपल्याकडे वृत्तांत येतात : भाविक किती जमले, प्रवचन कोणी केले, आभार कोणी मानले. परीक्षण मात्र होत नाही. श्रद्धेच्या गोष्टीवर टीका केली तर श्रद्धेलाच धक्का लागेल, अशी भीती त्यामागे असते. मला ती भीती आता वाटेनाशी झाली आहे. उपासनेलाही घाट असतो, भाषा असते, लय असते. या गोष्टी बिघडल्या तर नुकसान भाविकांचेच होते.

त्या दिवशीची व्यवस्था चोख होती. मांडव होता, पिण्याचे पाणी होते, मरियामातेच्या मूर्तीभोवती झेंडूची आरास होती. पण व्यासपीठावरचा ध्वनिक्षेपक इतका दणदणीत होता की नमो मरियाचा पूर्वार्ध त्यातून आलाच, उत्तरार्धही गायकवृंदाने त्यातूनच म्हटला. समोर बसलेल्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र ऐकू येत नव्हता. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी तिसऱ्या रहस्यापर्यंत नेटाने उत्तर दिले. मग त्या गप्प झाल्या आणि नुसतेच मणी ओढू लागल्या.

यंत्राचा दोष म्हणून ही गोष्ट सोडून देता येणार नाही. नमो मरियाची रचना पाहावी. पूर्वार्धात दोघांचे शब्द आहेत : गॅब्रिएल दूताचे अभिवादन आणि एलिझाबेथचे धन्योद्गार. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायातले. उत्तरार्ध बायबलमधला नाही. तो ख्रिस्तसभेच्या मुखी हळूहळू घडत गेला आणि पाचव्या पायस यांच्या १५६८ सालच्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात स्थिरावला. पूर्वार्ध स्तुतीचा, उत्तरार्ध याचनेचा. तिथे प्रथमच ‘आम्ही’ येतो, तोही पापी म्हणून, आणि त्याच्याबरोबर मरणाची घटका येते. प्रार्थनेतली सगळी निकड जमावाच्या वाट्याला आलेल्या या अर्ध्यात आहे. तेच काढून घेतले की मैदानावर केवळ श्रोते उरतात.

जपमाळ मुळात निरक्षरांचा स्तोत्रग्रंथ. मठवासी दीडशे स्तोत्रे म्हणत; ज्यांना वाचता येत नसे ते दीडशे वेळा नमो मरिया म्हणत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची पाच रहस्ये सुचविली. त्याच पत्रात, रहस्य उच्चारल्यावर क्षणभर मौन पाळावे, असेही त्यांनी सांगितले आहे. आपल्या निवेदकांना मौनाचे फार भय वाटत असावे. प्रत्येक रहस्यापूर्वी पुस्तिकेतून चिंतन वाचले गेले, आणि त्यातली भाषा अशी की सामासिक शब्दांखाली अर्थ गुदमरावा. शनिवार असल्यामुळे आनंदाची रहस्ये होती. पाचव्यात बारा वर्षांचा येशू हरवतो आणि आईबाप त्याला शोधत फिरतात. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. जत्रेच्या गर्दीत मुलाचा हात सुटला की आईचे काय होते, हे त्या मैदानावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. पुस्तिकेत मात्र मूल हरवल्याचा पत्ताच नव्हता. होती ती ‘समर्पणशीलता’.

समुदायाने नाम कसे घ्यावे हे साताऱ्याच्या माणसाला दुरून शिकायला नको. ज्ञानेश्वरमाउलींची पालखी नीरा ओलांडून याच जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण करीत पुढे जाते. समुदाय लाखांचा, पण तो कोणा एका आवाजाच्या ताब्यात नसतो. रथाच्या पुढे आणि मागे क्रमांकवार दिंड्या चालतात. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा, टाळकरी वेगळे, पखवाज वेगळा. माणूस लाखांत असतो आणि शेजाऱ्याचा सूरही त्याला ऐकू येतो. ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ मांडला. ते प्रॉटेस्टंट, म्हणून आपण त्यांना दूरच ठेवतो. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाचा गळा कशाने मोकळा होतो हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळले होते.

मग मोठे मेळावे नकोतच का? हवेत. वसईसारखी गावेच्या गावे आपल्याकडे नाहीत. २००५ साली पुण्यापासून निघून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. तरी कुटुंबे विखुरलेलीच आहेत. वर्गात एकट्याच असणाऱ्या कॅथलिक मुलाने वर्षातून एकदा तरी आपली माणसे एका ठिकाणी पाहावीत. फादर पॅट्रिक पेटन यांच्या सान फ्रान्सिस्कोतील १९६१ च्या मेळाव्याला सुमारे पाच लाख माणसे आली होती, पण १९४२ पासून त्यांनी चालविलेल्या चळवळीचा रोख घरातल्या संध्याकाळवरच होता. पुढच्या ऑक्टोबरात धर्मग्रामवार बैठक ठेवावी, प्रत्येक गटाला आपला म्होरक्या द्यावा, आणि ध्वनिक्षेपकाने फक्त रहस्याचे नाव सांगून थांबावे, एवढी माझी आयोजकांना विनंती आहे. चिंतने लिहिण्याचे काम एखाद्या आईकडे सोपवले तर फारच उत्तम.

परतीच्या वाटेवर पेठ नाका मागे पडल्यावर त्याच आजीबाई म्हणाल्या, “फादर, आता आपण म्हणू या का?” चालकाने गाणी बंद केली. आजीबाईंनी पूर्वार्ध म्हटला आणि मागच्या बाकापर्यंत सगळी गाडी उत्तर देऊ लागली. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा चौथे रहस्य चालले होते. कोणी उतरेना. चालक एकटाच चहाला गेला.