सत्तावीस मोहरा कुणी मोजल्या?
पानिपतावर पडलेल्या सरदारांच्या गणतीविषयी

(धुळे येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल जळगावला याच विषयावर बोलत होतो. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मध्येच हात वर केला आणि म्हणाले, "सर, बाकी राहू द्या. कितला मरनात, एवढं सांगा ना भाऊ." सभागृह हसलं, मीही हसलो. पण घरी परतताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांना लाख-दीड लाखाचा आकडा नको होता, तो त्यांनी शंभरदा ऐकलेला होता. त्यांना सरदार किती गेले ते हवं होतं. पानिपतावर आपले नाव घेण्यासारखे किती लोक पडले?

आकडा आपल्याकडे आहे, आणि तो सगळ्यांना पाठ आहे. लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. (जाता जाता सांगतो, त्या दिवशी संक्रांत नव्हती. विवेकानंद 1863 साली संक्रांतीला जन्मले ते 12 जानेवारीला. त्याच हिशेबाने शंभर वर्षं मागे गेलात की संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. "संक्रांत कोसळली" म्हणायला हरकत नाही, पण तिथी म्हणून सांगू नका.) नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते. 24 जानेवारीला भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, त्यांना एका सावकाराचं पत्र मिळालं. मजकूर व्यापारी सांकेतिक भाषेतला होता. दोन मोती गेले, इतक्या मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याचा हिशेब लागत नाही, असा त्याचा भाव. ग्रँट डफने 1826 च्या इंग्रजी इतिहासात मोहरांचा आकडा 27 दिला. पुढे हे वाक्य फिरत राहिलं आणि कुठे 25 झाले, कुठे 22. मोती दोनच राहिले, मोहरा मात्र कमी-जास्त होत गेल्या. जळगावच्या सराफ बाजारात असा हिशेब कुणी मांडला असता तर त्याला दुकानात उभं केलं नसतं!

मला त्या सावकाराला दोष द्यायचा नाही. त्याने चोख काम केलं. लढाईनंतर दहा दिवसांत पत्र भेलशापर्यंत पोचलं, म्हणजे ते लिहिलं गेलं पहिल्या दोन-चार दिवसांत. तेव्हा पळालेले लोक वाटेतच होते. जखमी कुठे पडलेत, कैदी कुणाच्या डेऱ्यात आहेत, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सावकाराला कळवायचं होतं ते बाजाराला हवं तेवढंच: नुकसान किती मोठं, हुंड्या थांबवायच्या की नाही. 27 ही त्याची गणना नव्हे, अंदाज होता. आपण तो हजेरीपट म्हणून वाचायला लागलो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

आता असा हजेरीपट करायचा म्हटलं तर काय लागतं? यासाठी एक परका दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे किती जनरल मेले, याचा हिशेब 1950 च्या दशकात योसेफ फोल्टमान आणि हान्स म्योलर-विटन यांनी पुस्तक लिहून मांडला. फोल्टमान स्वतः जनरल होते. जर्मन सैन्य म्हणजे कागदाचं राज्य. प्रत्येकाचा हुद्दा, बढतीची तारीख, नेमणूक, सगळं नोंदलेलं. तरीसुद्धा प्रश्न सुटत नाही. फील्ड मार्शल राइशेनाऊ जानेवारी 1942 मध्ये पक्षाघाताच्या झटक्यानंतर गेला, तो युद्धात मेला म्हणायचं का? फॉन हार्टमान 26 जानेवारी 1943 ला स्टालिनग्राडला पडला आणि त्याला वरचा हुद्दा मिळाला तो मेल्यावर. रोमेलला ऑक्टोबर 1944 मध्ये हिटलरच्याच माणसांनी विष घ्यायला लावलं. फॉन बॉकला 1942 मध्येच घरी बसवलं होतं, तो मे 1945 मध्ये विमानहल्ल्यात मेला. हाइट्स रशियन कैदेत 1944 मध्ये गेला. कायटेल आणि योडल यांना 16 ऑक्टोबर 1946 ला न्यूरेंबर्गला फाशी झाली, त्यांचं काय? प्रत्येक ठिकाणी तुम्ही "हो" म्हणता की "नाही" यावर आकडा बदलतो. आणि त्या पुस्तकाचं नाव काय आहे बघा: जनरलांचं बलिदान! मोजायच्या आधीच निकाल लागलेला. लढून मेला, स्वतःला गोळी घालून मेला, की आपल्याच धन्याने मारला, सगळे त्या एका शब्दात बसवले की मोजणारा सुटला.

आपल्याकडे तर हुद्द्याचा कागदच नाही. सरदार कोण? सरंजाम असलेला? स्वतःचं पथक घेऊन आलेला? हुजुरातीतला मानकरी? शिंद्यांच्या हाताखालचा पागेदार धरायचा की नाही? तेव्हा मी फार मोठा आव न आणता फक्त दहा नावं घेतो. सगळी तुम्हाला माहीत असलेली. बोटं मोजत चला.

यशवंतराव पवार, तुकोजी शिंदे, संताजी वाघ. हे तिघे त्या दिवशी, त्या मैदानावर पडले. तीन.

जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान गारदी. दोघेही जखमी होऊन जिवंत हाती लागले. जनकोजीला पैसे घेऊन सोडायची बोलणी चालली होती असं काशीराज सांगतो, पण बातमी फुटते आहे म्हटल्यावर त्याला गुपचूप मारलं. इब्राहिमखानाला शुजाने आसरा दिला होता, तो अब्दालीने मागून घेतला आणि कैदेत संपवला. हे दोघे लढाईत मेले? नाही, लढाईनंतर मारले गेले. धरले तर पाच.

अंताजी माणकेश्वर मैदानातून निसटले आणि पळतीत फर्रुखनगरकडे मारले गेले. सहा. समशेरबहादर जखमी अवस्थेत सूरजमल जाटाच्या मुलखात पोचला आणि तिथे गेला. सात.

आता थोडं मागे चला. बळवंतराव मेहेंदळे 7 डिसेंबर 1760 ला पानिपतासमोरच गोळी लागून पडले. गोविंदपंत बुंदेले त्याच महिन्यात अंतर्वेदीत रसद मारताना पडले. आणि दत्ताजी शिंदे तर 10 जानेवारी 1760 ला, वर्षभर आधी, बुराडी घाटावर. मोहीम एकच म्हणून तिघांना घेतलं की दहा.

तीच दहा नावं. नवीन कागद नाही, नवा शोध नाही. उत्तर तीन आहे, पाच आहे, सात आहे आणि दहाही आहे. दहा नावांवर ही गत, तर मोहरा 22 की 27 यावर भांडण्यात काय अर्थ?

समशेरबहादराच्या नावापाशी मला जरा थांबायचं आहे. तो बाजीरावाचा मुलगा, नानासाहेबांचा भाऊ. मग तो मोती की मोहर? पत्र निघालं तेव्हा त्याचा मृत्यू सावकाराला कळलेला असणं कठीण, म्हणून सावकाराला सोडून देऊ. पण पुढे याद्या आपण केल्या. त्यात विश्वासराव आणि भाऊसाहेब एका ओळीत, आणि समशेरबहादर खाली, इब्राहिमखानाच्या शेजारी. अशा याद्या मी शाळेच्या भिंतीवर पाहिल्या आहेत. मस्तानीच्या पोराला मोत्यांत कोण बसवणार! ही गणती 1761 ची नाही, आपली आहे.

आणि मोती दोन, हे तरी सर्वांना मान्य होतं का? विश्वासरावाचं प्रेत लोकांनी पाहिलं. भाऊसाहेबांचं धड शिराविना सापडलं, खुणांवरून ओळखलं गेलं, शिर मागाहून मिळालं, असं काशीराज लिहितो. काशीराज शुजाच्या पदरी होता, शत्रूच्या गोटातून त्याने हे पाहिलं, म्हणून त्याची साक्ष मोलाची. पण त्याने ती लिहिली जवळजवळ वीस वर्षांनी, फारसीत, आठवणीवर. दक्षिणेत मात्र भाऊ गर्दीत दिसेनासे झाले एवढंच पसरलं. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करलं नाही असं सांगतात. मग तोतया आला. तो भाऊसाहेब नाहीच हे पटवायला पुणे दरबाराला पंधरा वर्षं झगडावं लागलं, 1776 मध्ये त्याला देहान्त दिला तेव्हा प्रकरण मिटलं. एका माणसाच्या मृत्यूची नोंद पक्की नसली की काय होतं, ते बघा. किल्ले हातचे जातात.

बखरींविषयी दोन शब्द. भाऊसाहेबांची बखर मी आजही आनंदाने वाचतो, तसं मराठी गद्य पुन्हा झालं नाही. पण बखरकार नावं घेतो ती भारतातल्या वीरांची नावं घ्यावीत तशी, ओवाळणीच्या ताटासारखी. कुणाचं नाव कीर्तीसाठी, कुणाचं वाक्याला वजन यावं म्हणून. त्यातून मृतांची यादी काढणं म्हणजे आरतीवरून देवळातली मूर्ती मोजणं. विश्वास पाटलांच्या "पानिपत" कादंबरीने 1988 नंतर एका पिढीला ही लढाई दिली, त्याबद्दल मला कुरकुर नाही. कादंबरीकाराला माणसं निवडायचा हक्क आहे. आपण त्या निवडीला पट समजतो, ही चूक वाचकाची.

आणि आता ज्यांच्या गावात बोलतो आहे त्यांच्याविषयी बोललंच पाहिजे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. 31 डिसेंबर 1926 ला याच धुळ्यात त्यांनी देह ठेवला, इथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. 1898 साली त्यांनी "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड काढला, तो 1750 ते 1761 चा. त्या पत्रांमुळे पानिपत बखरीतून बाहेर निघून कागदावर आलं. हे ऋण फेडता येणार नाही. पण त्या खंडाची प्रस्तावना पुन्हा वाचा. राजवाडे तारखांवर घासाघीस करतात, मुक्काम जुळवतात, आणि मग सगळी बुद्धी एका कामाला लावतात: दोष कुणाचा? दोषाचं मोठं माप गोविंदपंत बुंदेल्यांच्या आणि मल्हारराव होळकरांच्या पदरात जातं. होळकर म्हणजे आपल्या तळोद्याला मामाच्या घरी वाढलेला माणूस, त्यामुळे खान्देशात हा विषय अजून नाजूक आहे. पण मला त्यांची बाजू घ्यायची नाही. मला एवढंच दिसतं की जिवंत राहिलेल्या सरदाराचा झाडा घेण्यात पानंच्या पानं गेली आणि मेलेल्यांचा पट कुणी केला नाही. गोविंदपंत तर लढाईआधी महिनाभर मेलेले! त्यांच्यावर आरोपपत्र आहे, मृतांच्या यादीत त्यांचं नाव मात्र कधी असतं, कधी नसतं.

शेजवलकर याबाबतीत एक पाऊल पुढे गेले. "पानिपत 1761" मध्ये ते भूगोल, रसद, राजकारण, सगळं एकत्र पाहतात, आणि भाऊसाहेबांना खलनायक करत नाहीत. त्यांच्याआधी 1930 मध्ये पेशवे दफ्तराचा दुसरा खंड पानिपतच्या पत्रांचा म्हणून निघालाच होता. म्हणजे साहित्य आहे. ज्या घराण्याचा सरंजाम 1761 नंतर मुलाच्या किंवा भावाच्या नावे झाला, त्या कागदात बापाचं काय झालं ते येतं. बायकांच्या नेमणुका आहेत, सांत्वनपत्रं आहेत, कुळवृत्तांत आहेत. एकेक नाव घेऊन चार रकाने भरायचे: कधी, कुठे, कसा, आणि हे सांगतो कोण. शेवटी एक बेरीज नको. चार बेरजा द्याव्यात आणि प्रत्येकीपुढे तिची अट लिहावी. हे काम एकट्याचं नाही, पण फार अवघडही नाही. शिंद्यांपासून सुरुवात करावी, कारण त्या एका घराने दत्ताजी, जनकोजी, तुकोजी असे तिघे दिले आणि महादजी पायाने अधू होऊन वाचला. राणेखान भिस्तीने त्याला उचललं नसतं तर तोही यादीतच गेला असता, आणि पुढची तेहतीस वर्षं कुणाला माहीतच झाली नसती.

चांदी-तांब्याचं काय, असं कुणीतरी विचारणार. विचाराच. गेल्या वर्षी तापीकाठच्या एका गावात एका शेतकरी गृहस्थांनी मला घरची वंशावळ दाखवली, जुन्या वहीतली. तीन भाऊ. दोघांच्या नावाखाली मुलं-नातवंडं. तिसऱ्याच्या नावापुढे फक्त "उत्तरेस गेला". बास. त्यांना वंशावळ छापायची होती आणि तिथे "पानिपतवीर सरदार" घालायचं होतं. मी म्हटलं, तुमच्याकडे आहे ते या दोन शब्दांत आहे, ते खोडू नका. ते जरा नाराज झाले. म्हणाले, "मग त्याला मोजायचं कुठे?" मी म्हटलं, वेगळा रकाना करू, उत्तरेस जाऊन परत न आलेल्यांचा. वर्ष माहीत नाही असं लिहू.

पुढे त्यांनी वंशावळ छापली, मला पोस्टाने प्रत पाठवली. "उत्तरेस गेला" तसंच आहे. पुढे कंसात एक प्रश्नचिन्ह टाकलं आहे. अशा वह्या तुमच्यापैकी कुणाच्या घरी असतील तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. आता प्रश्न घेऊ.