स्वावलंबन की आत्मप्रामाण्य?

राल्फ वॉल्डो एमर्सनच्या ‘सेल्फ-रिलायन्स’ या निबंधाचे नाव मराठीत सांगू पाहणाऱ्याला पहिला शब्द सुचतो तो ‘स्वावलंबन’. शब्द चांगला आहे आणि आपल्या नित्य परिचयाचाही आहे. परंतु दोन भाषांच्या सीमेवर रोज वावरणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना हे सांगावयास नको की, जवळचा शब्द हा नेहमीच नेमका शब्द असतो असे नाही. १८४१ साली ‘एसेज्’ या संग्रहात प्रसिद्ध झालेला हा निबंध मन लावून वाचला, तर ‘स्वावलंबन’ त्याला नीट बसत नाही हे लवकरच ध्यानात येते. आपली भाकरी आपण मिळवावी, दुसऱ्यापुढे हात पसरू नये, हा स्वावलंबनाचा मुख्य अर्थ. एमर्सनच्या निबंधाला भाकरीची विवंचना फारशी नाही. त्याचा प्रश्न निराळा आहे. खरे काय आणि खोटे काय, करावे काय आणि टाकावे काय, याचा अखेरचा निवाडा कोणी करावयाचा? धर्मपीठाने, लोकमताने, पूर्वजांच्या ग्रंथांनी, की ज्याचे त्याने? ‘ज्याचे त्याने’ हे एमर्सनचे उत्तर आहे. या भूमिकेला नाव द्यावयाचे तर ‘आत्मप्रामाण्य’ हेच अधिक साजेल.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. अमेरिकन साहित्याच्या पूर्वकाळात, म्हणजे स्थूलमानाने स्वातंत्र्यापासून यादवी युद्धापर्यंतच्या काळात, व्यक्तीच्या थोरवीचा जो घोष ऐकू येतो, त्यात हे दोन स्वर एकमेकांत मिसळलेले आहेत. ते वेगळे करून ऐकले नाहीत, तर त्या साहित्यातील सकस काय आणि पोकळ काय याचा उलगडा होत नाही.

पहिला स्वर बेंजामिन फ्रँकलिनचा. बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणारा हा सतरा वर्षांचा मुलगा १७२३ साली तेथून पळून फिलाडेल्फियास आला. तीन पेनींना मिळालेले तीन मोठे पाव घेऊन, दोन दोन्ही काखांत धरून आणि तिसरा खात खात, तो त्या अनोळखी नगराच्या रस्त्याने चालला. १७७१ साली लिहावयास घेतलेल्या आणि १७९० साली मृत्यूने अपुऱ्या ठेवलेल्या त्याच्या आत्मचरित्रातील हे चित्र अमेरिकन माणसाच्या मनात घर करून बसले आहे. रिकाम्या हाताने आलेला मुलगा पुढे मुद्रक, शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी झाला! तेरा सद्गुणांची यादी करून, आठवड्याला एक याप्रमाणे त्यांचा अभ्यास करण्याची आणि चुकांच्या खुणा वहीत टिपण्याची त्याची पद्धत तर प्रसिद्धच आहे. आत्मोन्नतीचा असा जमाखर्च दुसऱ्या कोणा लेखकाने इतक्या प्रसन्न चित्ताने मांडला असेल असे वाटत नाही.

पण या स्वावलंबनाचे भांडवल कोणते? मराठीत ‘पत’ हा एक मार्मिक शब्द आहे. उधारी मिळण्याची योग्यता आणि चारचौघांतला मान हे दोन्ही अर्थ तो एकाच वेळी सांगतो. फ्रँकलिनचे सारे जीवन या पतीवर उभे आहे. आपण उद्योगी असणे पुरेसे नाही, तसे दिसलेही पाहिजे, हे तो मोकळेपणाने सांगतो. म्हणून विकत घेतलेला कागद तो हातगाडीवर घालून भर रस्त्यातून स्वतः ढकलीत नेतो. १७२७ साली त्याने मित्रांचे चर्चामंडळ काढले, १७३१ साली वर्गणीचे ग्रंथालय, १७३६ साली आग विझविणारे स्वयंसेवक पथक. म्हणजे ज्याला आपण एकट्याच्या हिमतीची कथा समजतो ती वस्तुतः शेजाऱ्यांच्या सहकार्याची आणि शेजाऱ्यांच्या नजरेची कथा आहे. फ्रँकलिन हे लपवीत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्या तीन पावांपैकी उरलेले दोन आपण नावेतून बरोबर आलेल्या एका स्त्रीला आणि तिच्या मुलाला दिले, हेही त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या अनुयायांना मात्र तिसराच पाव तेवढा आठवतो.

एमर्सनचा स्वर नेमका या शेजाऱ्याच्या नजरेविरुद्ध आहे. १८३२ साली बॉस्टन येथील चर्चची उपदेशकाची जागा त्याने सोडली. कारण प्रभुभोजनाचा विधी श्रद्धेवाचून चालविणे त्याच्या मनाला पटेना. १८३८ साली हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात त्याने जे भाषण केले, त्यामुळे जवळजवळ तीन दशके त्या विद्यापीठाचे दार त्याला बंद राहिले. तीन वर्षांनी ‘सेल्फ-रिलायन्स’ प्रसिद्ध झाला. त्यामागे ही किंमत मोजलेली आहे, हे विसरून तो वाचला तर त्यातली वाक्ये दिनदर्शिकेवरील सुभाषितांसारखी भासतील. आपल्या धर्मशास्त्राने धर्माची प्रमाणे सांगताना वेद, स्मृती, सदाचार यांच्यानंतर अखेरीस आत्मतुष्टीला जागा दिली आहे. एमर्सनने हा क्रम उलटा केला. शेवटचे प्रमाण त्याने पहिले केले आणि बाकीच्यांना त्याच्यापुढे साक्षीसाठी उभे केले. त्याच्या क्रांतीचे सार एवढेच आहे आणि ते थोडे नाही.

येथे एक शंका संभवते. प्रत्येकजण स्वतःलाच प्रमाण मानू लागला, तर स्वैराचार आणि आत्मप्रामाण्य यांत भेद तो काय उरला? एमर्सनचे उत्तर त्याच संग्रहातील ‘दि ओव्हर-सोल’ या निबंधात आहे. ज्या ‘स्व’वर विसंबावयाचे तो हट्टी, लोभी अहंकार नव्हे, सर्वांच्या अंतरी एकच असलेल्या तत्त्वाचे ते द्वार आहे. भारतीय वाचकाला येथे उपनिषदे आठवतील, आणि १८५७ साली एमर्सनने ‘ब्रह्म’ या नावाची कविता प्रसिद्ध केली हेही खरे. तरीपण घाईने नाते जोडू नये. त्याच्या विचाराची मुळे प्लेटोच्या परंपरेत आणि प्रॉटेस्टंट पंथातील अंतःसाक्षीच्या कल्पनेत खोल गेलेली आहेत. भारतीय ग्रंथांचे त्याचे वाचन त्याला पुष्टी देणारे ठरले, बीज देणारे नव्हे.

निबंधाचे खरे दौर्बल्य दुसरीकडे आहे. दीनदुबळ्यांच्या साह्याचा विषय निघताच एमर्सन विचारतो की, हे गरीब माझे आहेत काय? ज्यांच्याशी आपले आंतरिक नाते आहे त्यांच्यासाठी तो तुरुंगात जावयास सिद्ध आहे. परंतु सरसकट दानधर्मासाठी एक डॉलर देणेही त्याच्या जिवावर येते, आणि आपण कधी कधी तो देतो याची त्याला लाज वाटते. त्याच्या चाहत्यांनी या उताऱ्याचे समर्थन पुष्कळ प्रकारे केले आहे. दांभिक दातृत्वावर हा प्रहार आहे, असे ते म्हणतात. ते अंशतः मान्य करूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, येथे आत्मप्रामाण्याच्या तोंडून एकाएकी कद्रू स्वावलंबन बोलू लागले आहे. सर्वांच्या अंतरी एकच तत्त्व वसत असेल, तर ‘माझे’ गरीब आणि ‘परके’ गरीब ही वाटणी आली कोठून? शिवाय १८३१ साली निवर्तलेल्या पहिल्या पत्नीच्या मालमत्तेतून एमर्सनला नियमित उत्पन्न मिळत होते. यात लज्जास्पद काही नाही. पण निबंधाला या ऋणाची जाणीवच नाही, हे व्यंग वाङ्मयीन आहे. विचाराचा पाया कोणत्या जमिनीवर आहे हे न पाहता मनोरा तेवढा रचला जातो.

ती जमीन पाहण्याचे काम हेन्री डेव्हिड थोरोने केले. १८४५ च्या ४ जुलैस तो वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला आणि १८४७ च्या सप्टेंबरात परतला. थोरो आईकडे जेवावयास जात असे, मग कसला हा एकांत, असा टोमणा आजही पुष्कळांच्या तोंडी असतो. तो मारणाऱ्यांनी १८५४ सालचे ‘वॉल्डन’ नीट वाचलेले नसते. आपण मधून मधून बाहेर जेवत होतो हे थोरोच सांगतो. झोपडीसाठी पहिली कुऱ्हाड उसनी आणली होती आणि परत करताना ती अधिक धारदार होती. सांगाडा उभा करावयास मित्र आले होते. जमीन दुसऱ्याची होती. एकूण खर्च २८ डॉलर १२½ सेंट आला, हे सारे त्याने मांडले आहे. (जमीन अर्थातच एमर्सनची होती.) फ्रँकलिनचा जमाखर्च आणि एमर्सनची सदसद्विवेकबुद्धी यांची गाठ येथे प्रथम पडली. आपल्या गरजांपायी आपण किती जणांचे मिंधे आहोत हे मोजल्यावाचून ‘नाही’ म्हणण्याचे बळ येत नाही, हे त्याला उमगले होते. गुलामगिरीला आणि मेक्सिकोवरील युद्धाला थारा देणाऱ्या सरकारला डोईपट्टी देण्याचे नाकारून १८४६ साली तो एक रात्र तुरुंगात राहिला. पैसे दुसऱ्याच कोणी भरले म्हणून दुसऱ्या दिवशी सुटका झाली. १८४९ साली छापलेला त्यावरील निबंध ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ या नावाने जगभर गेला.

ज्या वर्षी थोरो तळ्याकाठी गेला त्याच १८४५ साली आणखी दोन पुस्तके निघाली. त्यांनी एमर्सनच्या ‘स्व’ला विचारलेला प्रश्न अधिक मूलगामी होता. हा ‘स्व’ कोणाला असतो?

मार्गारेट फुलर ही एमर्सनची मैत्रीण आणि ‘दि डायल’ या त्याच्या मंडळाच्या नियतकालिकाची पहिली संपादिका. ‘वूमन इन दि नाइन्टीन्थ सेंचुरी’ या पुस्तकात तिने दाखवून दिले की, स्त्रीला लहानपणापासून आपल्या आचरणाचा नियम बाहेरून घ्यावयास शिकविले जाते. तो आतून उमलू दिला जात नाही. मग आत्मप्रामाण्याचा उपदेश तिला कसा लागू पडावा? एमर्सनचा सिद्धांत तिने नाकारला नाही. तो अर्ध्या मानवजातीला वगळून चालला आहे एवढेच सिद्ध केले.

दुसरे पुस्तक फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाचे आत्मकथन. त्याच्या मुखपृष्ठावरच ते त्याने स्वतः लिहिल्याचे नमूद केले होते. इतर लेखकांच्या बाबतीत जी साधी माहिती ठरली असती, ती येथे प्रतिज्ञा होती. कारण कायद्याच्या लेखी ज्याला ‘स्वतः’च नव्हता असा मनुष्य ती करीत होता. मालकिणीने मुळाक्षरे शिकवावयास घेतली, मालकाने ती थांबविली. तेव्हा बाल्टिमोरच्या रस्त्यांवरील उपाशी गोऱ्या मुलांना भाकरी देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे मिळविली. फ्रँकलिनच्या पावाशेजारी ही भाकरी ठेवून पाहावी म्हणजे दोन्ही पुस्तकांतील अंतर कळते. सोळा वर्षांचा असताना, १८३४ साली, छळणाऱ्या मालकाशी त्याने हातघाईची झुंज दिली. तो प्रसंग ‘सेल्फ-रिलायन्स’च्या कोणत्याही परिच्छेदाहून अधिक खोल जाऊन भिडतो, कारण तेथे प्रामाण्य सिद्ध करावयाचे आहे ते जिवावर उदार होऊन.

आणि हाच डग्लस आपली ऋणे सर्वांत स्पष्टपणे मोजतो. इंग्लंडातील मित्रांनी पैसे जमवून १८४६ साली त्याचे कायदेशीर स्वातंत्र्य विकत घेतले. पुढल्याच वर्षी, जुन्या मार्गदर्शकांना रुचत नसतानाही, त्याने रॉचेस्टर येथे स्वतःचे वृत्तपत्र काढले. मित्रांचे ऋण आणि मित्रांपासूनचे स्वातंत्र्य या दोहोंत त्याला विरोध दिसला नाही. १८५९ पासून ‘स्वयंनिर्मित पुरुष’ या विषयावर तो व्याख्याने देई. आणि काटेकोरपणे पाहता असा पुरुष जगात कोणीच नसतो, हे तो आरंभीच सांगून टाकी. या विषयावर इतके प्रांजळ विधान करण्याचा अधिकार त्याच्याइतका कोणाला होता?

ऋण नाकारणाऱ्या आत्मप्रामाण्याचा शेवट कोठे होतो हे हर्मन मेल्व्हिलने १८५१ साली ‘मोबी-डिक’मध्ये दाखविले. कप्तान अहॅब स्वतःखेरीज कोणालाच प्रमाण मानीत नाही. तो तेजस्वी आहे, लोकमताला भीत नाही. एमर्सनच्या कसोट्यांना तो वरवर तरी उतरतो. पण त्याच्या ‘स्व’त खलाशांना जागा नाही. जहाज बुडते, वाचतो तो एकटा इश्माएल, आणि तोही मित्र क्वीक्वेगसाठी केलेल्या शवपेटीच्या आधाराने तरंगत.

एमर्सनला न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, तो १८४१ पाशी थांबला नाही. चेरोकी लोकांच्या हकालपट्टीविरुद्ध १८३८ मध्येच त्याने राष्ट्राध्यक्षांना खुले पत्र लिहिले होते. आणि पळालेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती करणारा १८५० चा कायदा आला, तेव्हा तो मोडावा असे त्याने जाहीरपणे सांगितले. परके गरीब अखेर त्याचे झाले.

या साहित्याचे आपल्याकडील पडसाद पाहिले तर तेही याच बाजूने साक्ष देतात. १९०७ साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून थोरोचा परिचय करून दिला, तो एकट्याच्या नव्हे तर समूहाच्या प्रतिकारासाठी. ‘वॉल्डन’ मराठीत आणणाऱ्या दुर्गाबाई भागवत १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढल्या वर्षी तुरुंगात गेल्या. त्या बोलल्या त्या स्वतःच्या सोयीसाठी नव्हे, सर्वांच्या लेखनस्वातंत्र्यासाठी. थोरोपासून घ्यावयाचे होते ते दोघांनीही नेमके घेतले.

म्हणून एमर्सनच्या निबंधाचे नाव मराठीत ‘आत्मप्रामाण्य’ असेच असावे, असे आम्हांस वाटते. मात्र तो एकटा वाचू नये. त्याच्या एका बाजूस ‘वॉल्डन’ आणि दुसऱ्या बाजूस डग्लसचे आत्मकथन ठेवून वाचावा. ज्याने आपली ऋणे मोजली आहेत त्याच्याच नकाराला वजन येते, ही गोष्ट या तीन पुस्तकांच्या सहवासात जशी कळते तशी एकट्या एमर्सनच्या वाचनाने कळत नाही.