जुने ते सोने, की सोन्याचा मुलामा?

अलीकडे जुनेपणा तयार मिळू लागला आहे. हमरस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात जेवायला शिरावे, तर दाराशी बैलगाडीचे चाक, भिंतीवर कंदील, कोपऱ्यात जाते आणि फेटा बांधलेला वेटर. कंदील कधी पेटत नाही आणि जात्यावर कधी दळण पडत नाही. आपल्या घरचे जाते मात्र आपण केव्हाच अडगळीत टाकलेले असते. ही जुन्याची हौस आता जगभर पसरली आहे. नाटक-सिनेमाची समीक्षा आपण करतो, तशी या हौसेचीही करायला हवी, कारण तीही आपल्याला एक गोष्ट सांगत असते आणि आपण ती खरी मानून घरी येतो.

समीक्षेसाठी मी निवडले आहे ते या प्रकारातले एक उत्तम उदाहरण : न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरचे 'टीडब्ल्यूए हॉटेल'. न्यूजर्सीला मुलीकडे गेलो असताना एक अख्खा दिवस तिथे काढला. खोली घेतली नाही. घ्यावी लागतही नाही. विमानतळाच्या आतल्या गाडीने पाचव्या टर्मिनलला उतरावे आणि चालत आत शिरावे. दालनात बसायला तिकीट नाही.

ही इमारत मुळात हॉटेल नव्हे. फिनलंडमध्ये जन्मलेला अमेरिकन वास्तुशिल्पी ईरो सारिनेन याने ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्ससाठी बांधलेले हे टर्मिनल. ते १९६२ च्या मे महिन्यात उघडले. सारिनेन त्याआधीच, १९६१ च्या सप्टेंबरात, एक्कावन्नाव्या वर्षी वारला होता. चार खांबांवर तोललेली काँक्रीटची चार कवचे, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी. आत सरळ रेघ शोधून सापडत नाही. जिना भिंतीतून उगवतो, भिंत बाकात उतरते, बाक पुन्हा जमिनीत विरते. मध्यभागी जमिनीपेक्षा खाली उतरलेली बैठक आहे. तिच्या लाल रंगाचे नाव तिथे मिरचीवरून ठेवले आहे. आमच्या बाजूच्या माणसाला ब्याडगीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या वास्तूचे दैव मात्र विचित्र. ती उघडली तेव्हाच प्रवास बदलत होता. १९७० साली बोइंग ७४७ आले आणि एका विमानातून उतरणारी शेकडो माणसे या नाजूक दालनाला पेलेनाशी झाली. १९९४ मध्ये न्यूयॉर्क शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. २००१ मध्ये कंपनीच अमेरिकन एअरलाइन्सच्या पोटात गेली आणि दारे बंद झाली. पाडता येत नाही आणि वापरता येत नाही, अशा अवस्थेत वास्तू अठरा वर्षांच्या आसपास पडून होती. मे २०१९ मध्ये ती हॉटेल म्हणून उघडली. ५१२ खोल्या मागच्या दोन नव्या इमारतींत घातल्या आणि जुने दालन मोकळे ठेवले. आमच्याकडे जुना वाडा वाचवायचा म्हणजे दर्शनी कमान ठेवून आत अपार्टमेंट उठवायचे, अशी रीत पडली आहे. त्या तुलनेत हा निर्णय नमस्कार करावा असा आहे.

आता रंगभूषेकडे वळू. हॉटेलने स्वतःसाठी एक साल ठरवले आहे, १९६२. गाणी त्या दशकाची, खोल्यांत चकती फिरवायचे टेलिफोन, जुन्या मोटारी, हवाईसुंदरींचे गणवेश. फलकावरची अक्षरे खडखडत उलटतात. इटलीच्या सोलारी कंपनीची ही जुनी युक्ती. तो खडखडाट सुरू झाला की दालनातली सगळी माणसे मान वर करतात. पडद्यावरची अक्षरे मुकाट बदलतात, तेव्हा कोणी बघत नाही. ही जुनी वस्तू अजून आपले काम करते आहे आणि म्हणून ती जिवंत वाटते. लाल गालिचाच्या दोन लांब नळ्यांचेही तेच. त्यांतून चालत गेले की आजच्या टर्मिनलच्या गर्दीत पोहोचता येते.

बाहेर अंगणात लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, १९५८ सालचे विमान उभे आहे, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. तीन शेपट्यांचे, माशासारखे देखणे विमान. आत आता मद्यालय आहे. भारतीय माणसाला हे घराणे परके नाही. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, ते कॉन्स्टेलेशनच होते आणि जे. आर. डी. टाटा त्यात बसले होते. पण ज्या १९६२ सालाचे हे हॉटेल गुणगान करते, त्याच साली एअर इंडियाचा ताफा पूर्णपणे जेट विमानांचा झाला. म्हणजे पंख्यांचे हे विमान तेव्हाच म्हातारे झाले होते. अंगणातले विमान तर पुढे अलास्कात माल वाहत होते. नंतर चोरट्या गांजाच्या वाहतुकीतही सापडले. अशी रंगेल हकिकत असलेली वस्तू तिच्या ऐन तारुण्याच्या वेषात उभी केली आहे. जुन्याची हौस वस्तूचे म्हातारपण पुसून टाकते आणि दहा-पंधरा वर्षांचा खळबळता काळ एकाच गोड संध्याकाळीत दाबून बसवते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. हे १९६२ साल कोणाचे? गणवेश काचेआड फार सुंदर मांडले आहेत. पण लग्न झाले किंवा वय वाढले की हवाईसुंदरीला घरी बसवायचे, हा त्या काळच्या अनेक अमेरिकन कंपन्यांचा रिवाज पोशाखांच्या झळाळीत हरवतो. वर्णभेदाला बंदी करणारा कायदा अजून दोन वर्षे दूर होता. आणि आपण? १९४६ च्या कायद्याप्रमाणे भारताला वर्षाकाठी शंभर माणसांचा कोटा होता. तो मोडला १९६५ च्या कायद्याने. आज न्यूजर्सीत जी मराठी मंडळे आणि गणेशोत्सव दिसतात, त्यांचे बीज बहुतांशी त्यानंतरचे. माझ्या मुलीची पिढी ज्या दालनात कॉफी घेत बसते, त्याच्या लाडक्या सालात तिला फार तर पाहुणी म्हणून येता आले असते.

आमच्याही १९६२ चा रंग निराळा आहे. गोवा मुक्त होऊन जेमतेम काही महिने झाले होते. बेळगाव म्हैसूर राज्यात जाऊन सहा वर्षे उलटली होती. ऑक्टोबरात चीनचे युद्ध आले. एकाच सालाच्या घरोघरी वेगवेगळ्या आठवणी असतात, हे आम्हा दोन भाषांत राहणाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या एकाच गल्लीत एका घरात 'जुने घर' असते आणि शेजारी 'हळे मने'. भिंत सामाईक असली तरी दोघांच्या आठवणी एक नसतात. हॉटेलला हे परवडत नाही. त्याला सर्वांना मानवेल अशी एकच आठवण लागते, म्हणून ते खटकणारे सगळे गाळते.

तरीही हे हॉटेल मी नापास करणार नाही. या हौसेचा पैसा नसता, तर सारिनेनचे छत आज कोणाला दिसले असते? दिवसभर मी पाहत होतो : विमान चुकलेले, विमानाची वाट पाहणारे, नुसतेच बघायला आलेले, सगळे त्या लाल बैठकीत विसावत होते. १९६२ मध्ये हे दालन विमानप्रवास परवडणाऱ्यांचे होते; आज खोलीचे भाडे न देणारा माणूसही तिथे निवांत बसतो. ही गोष्ट मूळ काळापेक्षा चांगली आहे, आणि ती रंगभूषेमुळे नव्हे, उघड्या दारामुळे घडते.

पणजीच्या फोंतेन्हास वस्तीत राहणाऱ्यांना आता छायाचित्रे काढणाऱ्यांचा जाच होतो. उद्या आपल्या गावातल्या जुन्या पेठांवर, वाड्यांवरही ही हौस येईल. ती आल्याशिवाय राहणार नाही. त्या वेळी कंदील किती टांगले हे मोजू नये. मूळ वास्तू शाबूत आहे का, तिच्यातली एखादी तरी वस्तू अजून काम करते का, खटकणारी आठवण सांगायला जागा ठेवली आहे का, आणि ज्यांचे ते गाव आहे त्यांना पैसे न देता आत जाऊन बसता येते का, एवढे विचारावे. टीडब्ल्यूए हॉटेल यातल्या तीन प्रश्नांना उतरते. तिसऱ्यावर ते अडखळते. आपण जे वाचवू, ते चारही प्रश्नांना उतरावे.