‘तुंबाड’ : दिग्दर्शनाचे श्रेय आणि शैलीचा प्रश्न

‘तुंबाड’ (२०१८) या भयपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक राही अनिल बर्वे, सहदिग्दर्शक आदेश प्रसाद आणि सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी अशी तीन नावे येतात. चित्रपट नेमका कोणाचा, हा प्रश्न २०२४ मधील पुनःप्रदर्शनानंतर नागापूर परिसरातील विद्यार्थ्यांनीही विचारला. २०१२ मधील चित्रीकरण समाधानकारक न वाटल्याने चित्रपट पुन्हा चित्रित झाला, त्यामुळे ही शंका अधिकच बळावते.

प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर पदनामांत नव्हे, पडद्यावर शोधावे. गांधींच्या ‘शिप ऑफ थिसिअस’चे छायालेखकही पंकज कुमारच, तेव्हा केवळ दृश्यसौंदर्यावरून निवाडा करणे फसवे ठरते. तेथील पात्रे नैतिक पेचाची चर्चा करतात. ‘तुंबाड’मध्ये विनायकाचा लोभ कृतीत उलगडतो : पिठाची बाहुली घेऊन तो देवीच्या गर्भात उतरतो, हस्तरच्या लंगोटातील मोहरा ओरबाडतो आणि पुढे मुलगा पांडुरंगालाही तेच शिकवतो. प्रौढांच्या क्रौर्यात सापडलेले मूल बर्वे यांच्या ‘मांजा’ (२००८) या लघुपटातही आहे. अखंड पाऊस, ओलसर वाडा, साखळदंडातील म्हातारी, ही भीती नारायण धारपांच्या भयकथेच्या संस्कारातली आहे. (शीर्षक मात्र श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देते!)

हस्तरची उत्पत्तिकथा सांगणाऱ्या प्रारंभात गांधींची वैचारिक छाप मानण्यास जागा आहे. पटकथेवर मितेश शाह यांच्यासह चौघांची नावे आहेत. तेथे एकट्या बर्वे यांना श्रेय देता येत नाही. दिग्दर्शनाचे मात्र द्यावे लागते.