मेजाआडचा चित्रकार

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या देवघरात लक्ष्मीची किंवा सरस्वतीची एखादी जुनी छापील तसबीर असेल. ती आजोबांनी आणली की पणजोबांनी, हे घरात कोणास सांगता येत नाही. पण चित्र रविवर्म्याचे, एवढे सर्वांस ठाऊक असते. या तसबिरीचा धागा बडोद्यास पोचतो. तेथील माजी दिवाण सर टी. माधवराव यांनीच रविवर्म्यास आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला होता. पुढे सयाजीराव महाराजांनी 1888 साली त्याजकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली, आणि 1894 मध्ये रविवर्म्याने मुंबईस गिरगावात स्वतःचा छापखाना घातला. आपली चित्रे आपणच छापावी आणि आपणच विकावी, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम, हिशोब मात्र बसला नाही. छापखाना मळवलीस हलला, कर्जात रुतला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. त्यासोबत अनेक चित्रे छापण्याचे हक्कही गेले. पुढे ती चित्रे दिनदर्शिकांवर आणि काडेपेट्यांवर आली. चित्रे घरोघर पोचली, चित्रकार त्यांच्या मागे राहिला.

त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी याच शहरात दुसरा एक प्रयत्न झाला, आणि तो आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात 1961 पासून एक मेळा भरू लागला. नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन् अशी माणसे तेव्हा तेथे शिकवीत होती. गुरू आणि शिष्य मिळून खेळणी, भांडी, बाहुल्या करीत आणि स्वतःच मांडून विकीत. ज्यांची चित्रे प्रदर्शनांत भिंतीवर टांगावयाची, त्यांनी लाकडी वाघ हातात धरून गिऱ्हाइकास किंमत सांगावयाची, हे दृश्य त्या काळच्या सभ्य रसिकांस चमत्कारिकच वाटले असेल. सुब्रमण्यन् यांना त्यात काही उणे वाटले नाही. हातमाग मंडळात काम करून आलेला तो माणूस. कारागीर आणि कलावंत यांच्यातील भिंत त्याने मुळी मानलीच नव्हती.

या मेळ्यासाठी सुब्रमण्यन् यांनी मुलांची चित्रपुस्तके केली. देवाने प्रथम सर्व प्राणी एकसारखेच घडवले, अशा अर्थाचे लांबलचक नाव असलेले त्यांचे पुस्तक 1969 चे आहे. ही पुस्तके आजच्या अर्थाने कॉमिक नव्हेत. पण चित्राने कथा पुढे न्यावी आणि शब्दाने मागून यावे, ही रीत तीच. आकार मोजके, रेषा खेळकर, आणि पानावर मोकळी जागा सोडण्याची भीती नाही. पुढे आणीबाणीवर बोलणारी एक बोधकथाही त्यांनी मुलांच्या पुस्तकाच्याच वेषात, केवळ काळ्यापांढऱ्या चित्रांत सांगितली. ती वाचताना मूल हसेल आणि बाप गंभीर होईल.

तरी एक उणीव सांगितलीच पाहिजे. ही पुस्तके इंग्रजीत आहेत. बडोद्याच्या मेळ्यात येणारे मूल घरी गुजराती बोलणारे, क्वचित मराठी. जत्रा त्याची, चित्र त्याचे, आणि शब्द मात्र शाळेतल्या बाईंचे! आमच्या कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी याबाबतीत अधिक शहाणे होते, असे आम्ही म्हणू. एकेका आख्यानाच्या चित्रांची त्यांची पोथी असे. देवळात वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीने एकेक चित्र पुढे करीत ते रामायण-महाभारत गात, आणि ते समोर बसलेल्यांच्या बोलीत. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वृत्तपत्रांना या पोथ्यांची आठवण झाली. देवळातल्या म्हाताऱ्यांना ती करून द्यावी लागली नाही.

आता 2011 साली दिल्ली हाटमध्ये पहिले भारतीय कॉमिक कॉन भरल्यापासून अशा मेळ्यांत तरुण मुलेमुली लहानसे मेज भाड्याने घेतात, स्वखर्चाने छापलेल्या चित्रकथा त्यावर मांडतात आणि दिवसभर उभी राहतात. लोक येतात, पुस्तक तेथेच उभ्याने वाचून संपवतात, "छान आहे" म्हणून खाली ठेवतात. यास आम्ही रसिकता म्हणत नाही. जत्रेत खाज्याचा पुडा चाखून परत ठेवण्याची आपली छाती होत नाही.

बडोद्याचा असाच एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे कागद घेऊन आला. त्याची चित्रकथा एका प्रकाशकाने पाहिली, थोडे पैसे दिले आणि सर्व हक्क लिहून घेतले. त्यानंतर दीड वर्ष झाले तरी पुस्तक छापले नाही, आणि त्याने स्वतः प्रती काढून मेजावर ठेवल्या तेव्हा मनाई करणारे पत्र धाडले. आपल्याच चित्रांचा आपण चोर ठरलो, असे तो म्हणत होता. कागद आम्ही दोनदा वाचला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते; लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते; आणि घेणाऱ्याने एक वर्षात हक्क बजावला नाही, तर लेखात वेगळे काही नसल्यास हस्तांतरण आपोआप संपते. या लेखात वेगळे काही नव्हते. रविवर्म्यापाशी विकताना असे कलम नव्हते. या मुलापाशी होते आणि त्यास ते ठाऊक नव्हते, एवढाच काय तो फरक.

आम्ही उत्तर लिहून दिले. पुढच्या मेळ्यात त्याने दोनशे प्रती मांडल्या. पुस्तक गुजरातीत होते. आम्ही एक प्रत पूर्ण किंमत देऊन घेतली आणि पहिले पान उलटून पाहिले. तेथे ना त्याचे नाव होते, ना छापल्याचे साल. मेजावरचे पेन उचलून आम्ही त्याच्या हाती दिले, आणि तो उरलेल्या प्रतींवर एकेक करून दोन्ही लिहीत बसला.